राष्ट्रपती मोठा का प्रधानमंत्री? पानठेल्यावरचं भांडण आणि बाकीची पत्रं

या महिन्यात पत्रं आणि व्हॉट्सॲपवरचे प्रश्न मिळून चांगला गठ्ठा जमला. मागच्या अंकात अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षावर छोटा मजकूर आला होता, त्यानं निम्म्या वाचकांना एकाच विषयावर लिहायला लावलं असं दिसतं. मी तेहतीस वर्षं झेडपीच्या शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं आणि हा धडा पोरं नेहमी कंटाळत ऐकायची, त्यामुळे मोठी माणसं पानठेल्यावर उभं राहून यावर भांडतात हे वाचून मला खरंच बरं वाटलं. पत्रं जशी आली तशीच घेतली आहेत, वऱ्हाडी बदलली नाही.

प्रश्न (एक वाचक, ता. दारव्हा): गुरुजी, आमच्या इथं पानठेल्यावर दोन दिवसापासून भांडण चालू हाय. एक मनते राष्ट्रपती मोठा, दुसरा मनते प्रधानमंत्री मोठा. अमेरिकेत तर राष्ट्राध्यक्षच सारं चालवते, मंग आपल्याच राष्ट्रपतीले काहून काही करता येत नाही? शपथ तर राष्ट्रपतीच देते ना प्रधानमंत्र्याले?

उत्तर: भाऊ, भांडण बरोबर जागी अडकलं आहे. इंग्रजीत दोघांनाही प्रेसिडेंटच म्हणतात ना, तिथंच घोटाळा होतो. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत मसुदा मांडला तेव्हाच हे सांगून ठेवलं होतं की नाव सारखं आहे म्हणून फसू नका, आपल्या राष्ट्रपतीची जागा इंग्लंडच्या राजासारखी आहे, तो राज्याचा प्रमुख आहे पण कारभाराचा नाही, राष्ट्राचं प्रतिनिधित्व करतो पण राज्य करत नाही. अमेरिकेत हे दोन्ही मान एकाच माणसाला दिलेत, तोच झेंडा आणि तोच कारभारी. आपण ते दोघांत वाटून दिले.

घटनेचं कलम ७४ म्हणते की राष्ट्रपतीनं मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं वागावं. १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीनं हे एकदम पक्कं बंधन केलं आणि १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीनं एवढी मोकळीक दिली की राष्ट्रपती तो सल्ला एकदा परत पाठवू शकतो, "पुन्हा विचार करा" म्हणून. पुन्हा तोच सल्ला आला की सही करावीच लागते. आता हे एकदा परत पाठवणं ऐकायला बारीक वाटते पण ते बारीक नाही. १९९७ मध्ये उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावायची शिफारस के. आर. नारायणन यांनी परत पाठवली आणि सरकारनं ती सोडूनच दिली. २००६ मध्ये लाभाच्या पदाचं, म्हणजे खासदारांनी सरकारी फायद्याची दुसरी पदं घेण्याबद्दलचं, विधेयक अब्दुल कलामांनी परत पाठवलं, संसदेनं ते पुन्हा पास केलं आणि मग त्यांना सही करावी लागली. दोन राष्ट्रपती, हत्यार एकच, एकदा चाललं आणि एकदा नाही चाललं.

अमरावतीच्या आपल्या लोकांना हे जवळून माहीत आहे. प्रतिभाताई पाटील अमरावतीच्या खासदार होत्या तेव्हा लोक त्यांच्याकडे रस्ते, पाणी, गॅस कनेक्शन मागायला जायचे, त्या २००७ मध्ये राष्ट्रपती झाल्या तेव्हा मला ओळखीतले दोघं म्हणाले की आता आपला रस्ता होते. मी त्यांना म्हटलं बाप्पा, उलट आता त्यांना तुमच्या रस्त्याबद्दल बोलताही येणार नाही.

म्हणून पानठेल्यावर सांगा, मानानं राष्ट्रपती मोठा, कारभारात प्रधानमंत्री.

प्रश्न (एक कास्तकार, ता. हिंगणघाट): २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षानं एका सहीनं आपल्या मालावर टॅरिफ पन्नास टक्के केलं. त्याच महिन्यात आपल्या सरकारनं बाहेरच्या कापसावरची ११ टक्के ड्युटी काढून टाकली. आमच्या कापसाले दोन्हीकडून मार. आता मले सांगा या दोघात जास्त पॉवर कोनाची, आन विचारायचं कोनाले?

उत्तर: तुमचा राग समजतो, माझ्या स्वतःच्या घरी चार एकर पऱ्हाटी आहे. पहिले पॉवरचं सांगतो मग विचारण्याचं, कारण खरी गोष्ट विचारण्यातच आहे.

अमेरिकेच्या घटनेत कर आणि जकात लावायचा अधिकार काँग्रेसला दिला आहे, म्हणजे त्यांच्या संसदेला. पण १९७७ च्या एका आणीबाणीविषयक कायद्याचा आधार घेऊन राष्ट्राध्यक्षांनी टॅरिफ लावलं, त्यावर तिथल्या कोर्टांत खटले झाले आणि खालच्या कोर्टांनी विरोधात निकालही दिले. आपल्याकडे ड्युटी काढायची नोटिफिकेशन अर्थ खात्यानं काढली, १९ ऑगस्टपासून, आधी ३० सप्टेंबरपर्यंत होती आणि नंतर ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली, म्हणजे नेमका आपल्या कापसाचा सीझन त्यात आला, दिवाळीचा पहिला वेचा, सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, सेंटरपुढची बंड्यांची लाईन, सगळं त्यातच. तर सहीच्या बाबतीत दोघंही सारखेच. सरकार कुठलंही असो, अशी सही एका दिवसात होते.

आता विचारायचं कोणाला. आपला अर्थमंत्री संसदेचा सदस्य असतो, त्याला सभागृहात उभं राहून उत्तर द्यावं लागते. लोकसभेत रोज पहिला तास प्रश्नांचा असतो, तुमचा खासदार तिथं हिंगणघाटच्या कापसाबद्दल लेखी किंवा तोंडी प्रश्न टाकू शकतो. अमेरिकेत मंत्री संसदेत बसूच शकत नाही, राष्ट्राध्यक्ष सभागृहात प्रश्नांची उत्तरं द्यायला येत नाही. काँग्रेसनं त्याच्या मर्जीविरुद्ध कायदा केला तर तो व्हेटो करतो आणि तो व्हेटो मोडायला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं लागतात, जे फार क्वचित जमते. म्हणजे विचारायची जागा आपल्याकडे जास्त आहे.

पण खरं सांगायचं तर पूर्ण सांगितलं पाहिजे. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर आपल्या खासदारानं पक्षाच्या व्हिपविरुद्ध, म्हणजे मतदानाच्या आदेशाविरुद्ध, मत दिलं तर खासदारकी जाते. अमेरिकेत तसं काही नाही, तिथं राष्ट्राध्यक्षाच्याच पक्षाचा माणूस त्याला पाडू शकतो. २०१७ च्या जुलैत आरोग्य विम्याच्या विधेयकावर सिनेटर जॉन मॅकेननी भर सभागृहात येऊन अंगठा खाली केला आणि स्वतःच्याच पक्षाचं विधेयक पडलं. आपल्याकडे मोठं बहुमत असलेल्या प्रधानमंत्र्याचं साधं विधेयक लोकसभेत पडलेलं मला तरी आठवत नाही, १९८४ ला काँग्रेसच्या चारशेच्या वर जागा आल्या तेव्हाही हेच होतं आणि पुढंही हेच. म्हणून मी पोरांना नेहमी सांगायचो की बहुमतवाला प्रधानमंत्री घरात अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षापेक्षा जास्त ताकदवान असतो, पुस्तकात काही का लिहिलं असेना.

तुम्ही काय करायचं तर खासदाराला पत्र लिहा आणि पत्रात भावना कमी, प्रश्न नेमका लिहा: ड्युटी काढल्यावर किती गाठी आल्या, त्या महिन्यांत हमीभावाच्या खाली कापूस किती विकला गेला. असा प्रश्न खासदाराला उचलून जसाच्या तसा टाकता येतो.

प्रश्न (विद्यार्थिनी, मेहकर): सर, एमपीएससीच्या क्लासमध्ये सांगितलं की अध्यक्षीय पद्धत स्थिर असते आणि संसदीय पद्धत जबाबदार असते. पाठ केलं पण समजलं नाही. उदाहरण द्या ना.

उत्तर: बाई, हे वाक्यही बाबासाहेबांच्या त्याच भाषणातून निघालं आहे. ते म्हणाले की लोकशाहीत सरकार टिकाऊ पाहिजे आणि जबाबदारही पाहिजे, पण दोन्ही सारख्या मापात देणारी पद्धत अजून कोणाला सापडलेली नाही. अमेरिकेच्या पद्धतीत टिकाऊपणा जास्त, इंग्लंडच्या पद्धतीत जबाबदारी जास्त. आपण जबाबदारी निवडली. कारण तिथं सरकारचा हिशेब रोजचा होतो, प्रश्न, ठराव, अविश्वास यातून, आणि निवडणुकीत होतो तो वेगळा.

उदाहरण माझ्या डोळ्यांपुढचं सांगतो. १७ एप्रिल १९९९, शनिवार होता. मी तेव्हा आर्णीकडच्या एका गावात मास्तर होतो. ज्याच्या घरी टीव्ही होता त्याच्या ओसरीत चाळीस-पन्नास माणसं, बाहेर अशी धग की चप्पल काढून पाय टेकवता येत नव्हता, आणि लाईट जाईल म्हणून एकानं ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणून ठेवलेली. वाजपेयी सरकारचा विश्वासदर्शक ठराव होता. बाजूनं २६९, विरोधात २७०. कोणी ओरडलं नाही. शेवटी कोपऱ्यातले एक बाबा, ज्यांनी आयुष्यभर शंभर-दोनशे मतांनी पडलेले सदस्यच पाहिले होते, ते म्हणाले, "एकच?" आणि मग थोड्या वेळानं पुन्हा, "एकच?" तेरा महिन्यांचं सरकार एका मतानं गेलं, नवी निवडणूक होईपर्यंत तेच काळजीवाहू म्हणून चालत राहिलं आणि त्याच काळात कारगिल झालं.

आता अमेरिकेतलं १८६८ चं पहा. राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सनवर महाभियोग आला, सिनेटमध्ये त्याला काढायला ३६ मतं पाहिजे होती, पडली ३५. तोही एकाच मतानं वाचला आणि मुदत संपेपर्यंत, म्हणजे मार्च १८६९ पर्यंत, सभागृहातला जवळजवळ दोन तृतीयांश भाग विरोधात असूनही खुर्चीवर राहिला. आजवर महाभियोगात दोषी ठरून एकही अमेरिकन राष्ट्राध्यक्ष पदावरून गेलेला नाही, निक्सन गेला तो ९ ऑगस्ट १९७४ ला स्वतः राजीनामा देऊन. महाभियोगाला गुन्हा दाखवावा लागतो, अविश्वासाला कारण सांगायचीही गरज नाही, तुमच्यावर आमचा भरोसा राहिला नाही एवढंच पुरे. हा फरक पेपरात लिही, मार्क मिळतील.

आणि इंग्लंडमध्ये २०२२ साली लिझ ट्रस ४९ दिवस पंतप्रधान राहिल्या. लोकांनी त्यांना निवडून दिलं नव्हतं आणि लोकांनी काढलंही नाही, आणणारे आणि काढणारे त्यांचेच पक्षवाले.

प्रश्न (एक वाचक, अर्जुनी मोरगाव): राष्ट्रपतीच्या इलेक्शनले आमी कधी मत देल्लं नाही. मंग निवडते कोन?

उत्तर: तुमचा आमदार आणि खासदार. महाराष्ट्राच्या एका आमदाराच्या मताची किंमत १७५ धरतात, कारण १९७१ ची राज्याची लोकसंख्या भागिले २८८ आमदार भागिले हजार. म्हणजे तुमच्या मतदारसंघाचं वजन त्यात असते, फक्त ते तुमच्या हातात नसते.

प्रश्न (माजी उपसरपंच, ता. पुसद): सरपंच आता जनतेतून डायरेक्ट निवडतात, नगराध्यक्ष डायरेक्ट. मग प्रधानमंत्री डायरेक्ट काहून नाही? सदस्यांची पळवापळवी तरी बंद होईल. तुमचं प्रामाणिक मत सांगा, पुस्तकातलं नको.

उत्तर: प्रामाणिक मत सांगतो, पण त्याआधी एक आठवण, कारण मत त्यातूनच बनलं.

सरपंच सदस्यांतून निवडायचे तेव्हाची गोष्ट. गाव सांगत नाही. नऊ सदस्य, अविश्वासाला सहा पाहिजेत. पाच जमले होते आणि सहावा जमवून साऱ्यांना दोन जीपमध्ये घालून चिखलदऱ्याला नेऊन ठेवलं, आठ दिवस. त्याच आठ दिवसांत नळयोजनेच्या विहिरीवरची मोटर जळली. सरपंच म्हणे मी आज आहे उद्या नाही, मी कशाले सही करू, ग्रामसेवक म्हणे सरपंचाच्या सहीशिवाय चेक निघत नाही. मे महिना. बायका दीड किलोमीटरवरून एका वावरातल्या विहिरीवरून पाणी आणत होत्या, मी माझ्या शाळेतल्या चौथीच्या पोरीला डोक्यावर गुंड घेऊन येताना पाहिलं, पायात काही नाही, पाणी सांडू नये म्हणून मान ताठ. आठव्या दिवशी तहसीलदारासमोर हात वर झाले, सरपंच बदलला, नवीन सरपंचानं मोटर बसवली. लोकशाहीच्या पुस्तकाप्रमाणे सगळं नियमात झालं.

म्हणून २०१७ मध्ये सरपंच थेट निवडायचा कायदा आला तेव्हा मी खूश होतो. २०२० ला तो रद्द झाला, २०२२ ला पुन्हा आला, तुम्ही हे सगळं खुर्चीजवळून पाहिलं आहे. पण त्याच गावात पुढं थेट सरपंच आला आणि सदस्य निवडून आले दुसऱ्या पॅनलचे. मासिक सभेला कोरम होईना, झाला तर ठराव पास होईना. सरपंच म्हणे मले गावानं निवडलं, सदस्य म्हणत आमालेही गावानंच निवडलं. दोघंही खरंच बोलत होते! हेच अमेरिकेत मोठ्या मापात होते, राष्ट्राध्यक्ष एकीकडे आणि काँग्रेस दुसरीकडे, बजेट अडते आणि सरकारी ऑफिसं बंद पडतात. २२ डिसेंबर २०१८ पासून ३५ दिवस अशी बंद होती, लाखो सरकारी लोक पगाराविना.

प्रधानमंत्री थेट निवडायचा प्रयोग एका देशानं करूनही पाहिला आहे. इस्रायलनं १९९२ मध्ये कायदा केला, १९९६, १९९९ आणि २००१ मध्ये लोकांनी पंतप्रधानासाठी वेगळं मत दिलं. झालं काय, तर लोकांनी एक मत मोठ्या नेत्याला दिलं आणि दुसरं आपल्या जातीधर्माच्या, भागाच्या छोट्या पक्षाला, संसदेत छोटे पक्ष वाढले आणि पंतप्रधान पहिल्यापेक्षा जास्त अडचणीत आला. २००१ मध्येच कायदा गुंडाळला.

आपल्याकडेही ही मागणी जुनी आहे. घटना समितीत के. टी. शहा यांनी अध्यक्षीय पद्धतीची बाजू मांडली होती, आणि वर्ध्याचे खासदार राहिलेले वसंत साठे तर कितीतरी वर्षं हाच मुद्दा घेऊन बोलत होते की आपल्या देशाला अध्यक्षीय पद्धतच पाहिजे. हुशार माणूस, विदर्भातला, आणि त्यांचा मुद्दा साधा होता, की आज मंत्री व्हायला आमदार-खासदारांची मनधरणी लागते, त्यापेक्षा लोकांनी एकाला निवडावं आणि त्यानं लायक माणसं घेऊन काम करावं. त्या मुद्द्यात दम आहे. चिखलदऱ्याच्या जीपा आठवल्या की मला तो पटतोही.

तरी माझं मत विरुद्ध आहे. दक्षिण कोरियात ३ डिसेंबर २०२४ ला रात्री राष्ट्राध्यक्षांनी एकट्यानं मार्शल लॉ जाहीर केला. खासदार कुंपणावरून उड्या टाकून संसदेत शिरले, १९० जणांनी काही तासांत तो रद्द करायला मत दिलं, पण त्या माणसाला पदावरून काढायला एप्रिल २०२५ उजाडला, कोर्टाचा निकाल लागेपर्यंत चार महिने देश टांगलेला. ते खासदार त्या रात्री वेळेत पोचले नसते तर? एका माणसाच्या हातात मुदतबंद खुर्ची दिली की चांगला माणूस असला तर काम झपाट्यानं होते आणि वाईट निघाला तर मधल्या काळात त्याला हात लावायला जागा नसते. आपण कापूस पिकवणारी माणसं, बियाण्याची बॅग फोडल्याशिवाय आत काय आहे ते समजत नाही हे आपल्याला कोणी शिकवायला नको. मला मधे अडवायची सोय पाहिजे.

आणि पळवापळवी बंद करायची असेल तर पळणाऱ्याला पुढच्या निवडणुकीत आपणच मत का देतो, हे आधी आपल्या गावात बोललं पाहिजे. चिखलदऱ्याला गेलेल्या सहापैकी चार जण पुन्हा निवडून आले होते, मतदान मीच घेतलं होतं, केंद्राध्यक्ष म्हणून.

प्रश्न (शिक्षक, आरमोरी): राष्ट्राध्यक्षही ताकदवान आणि पंतप्रधानही, असं कुठं आहे का?

उत्तर: फ्रान्समध्ये, १९५८ पासून. दोघं एका पक्षाचे असले की राष्ट्राध्यक्षच सगळं चालवतो, विरोधी पक्षाचा पंतप्रधान आला की घरातला कारभार त्याच्याकडे जातो, १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्ष मितराँ आणि पंतप्रधान शिराक यांच्यात पहिल्यांदा तसं झालं. श्रीलंकेनं १९७८ मध्ये अशीच जोडी केली आणि २०१८ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी पंतप्रधानाला काढून दुसरा बसवला तेव्हा काही आठवडे तिथं दोघंजण पंतप्रधान असल्याचा दावा करत होते, शेवटी कोर्टानं सोडवलं. दक्षिण आफ्रिकेचं उलट आहे सर, तिथं नाव राष्ट्राध्यक्ष पण त्याला संसद निवडते आणि संसद काढू शकते, म्हणजे कपडे राष्ट्राध्यक्षाचे आणि आत पंतप्रधान. वर्गात हे नक्की सांगा, पोरांना आवडते.

प्रश्न (महिला सदस्य, ग्रामपंचायत, जि. वाशीम): सर, तुम्ही लिहिता तसंच आमच्या इथं आहे. सरपंच थेट निवडून आलेले आणि आम्ही सात जण दुसऱ्या गटाच्या. दोन वर्षात एक काम धड झालं नाही. आमचे लोक म्हणतात अविश्वास आणू. मला बरं वाटत नाही, पण असं बसून तरी काय करू?

उत्तर: ताई, आधी एक सांगतो, तुम्हाला बरं वाटत नाही हे चांगलं लक्षण आहे.

अविश्वासाचं गणित थेट सरपंचासाठी वेगळं आहे. तीन चतुर्थांश सदस्य पाहिजेत आणि तुम्ही ठराव पास केला तरी तो ग्रामसभेपुढे जातो, तिथं लोक गुप्त मतदानानं मंजूर करतील तरच सरपंच जातो. ज्यांनी बसवलं त्यांनाच विचारायचं, हे मला पटते. पण त्यात सहा महिने भांडणात जातील आणि तोपर्यंत पाण्याच्या टाकीचं काम तसंच राहील.

त्याआधी हे करून पहा. तुमच्या सात जणींत ज्या कामावर दुमत नाही असं एकच काम निवडा, एकच, गटाचं नाही, गावाचं. त्याचा ठराव स्वतः लिहून ग्रामसेवकाकडे मासिक सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यायला लेखी द्या आणि पोच घ्या. सभेत सरपंचांनी नाही म्हटलं तर कारण प्रोसिडिंगमध्ये लिहायला लावा, तोंडी नको. मग २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट नाहीतर २ ऑक्टोबर, जी ग्रामसभा जवळ असेल तिथं तो कागद वाचून दाखवा. त्याच्या आदल्या दिवशी महिलांची ग्रामसभा होते ना, ती पहिले भरवा, घरोघरी जाऊन बायकांना घेऊन या. आमच्याकडे ती नुसती रजिस्टरवर सह्या घेऊन उरकायचे.

आणि सरपंचांच्या घरी एकदा स्वतः जाऊन या, दोघीच जणी, गट मागे न घेता. काय झालं ते मला कळवा, पुढच्या अंकात नाव न घेता छापू.